हाँगकाँगचा लढाऊ चित्रकथाकार घडतो कसा? मा विंग-शिंग यांची पानं आणि त्यामागचं काम

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने हाँगकाँगचे चित्रकार मा विंग-शिंग यांच्या ‘फुंग वान’ या लढाऊ चित्रकथा-मालिकेची पानं पाहिली आणि तो झपाटून गेला. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. मा यांची कारकीर्द कशी घडली, अशी पानं प्रत्यक्षात तयार कशी होतात, आणि मर्दानी खेळावर मराठीत लढाऊ चित्रकथा काढायची तर यातलं काय घेण्यासारखं आहे. तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलगच लिहितो.

‘फुंग वान’चं कुठलंही पान समोर धरा. पहिली नजर जाते ती वाऱ्यावर सुटलेल्या केसांकडे, झग्याच्या चुण्यांकडे, पात्यावरच्या चकाकीकडे. नवा चित्रकार नेमकं तेवढंच उचलतो. पंधरा दिवस खपून एक झकास पान काढतो, आणि तिसऱ्या पानाला हात टेकतो. मा यांच्या केसांचं काम अप्रतिम आहे यात वादच नाही, पण त्यांची खरी ताकद तिथे नाही. दर आठवड्याला अंक बाजारात जायचा असताना कुठल्या चौकटीत जीव ओतायचा आणि कुठली चौकट चार रेघांत उरकायची, हा हिशोब त्यांनी असा जमवला की वाचकाला तो कधी जाणवलाच नाही. शिकायचं असेल तर ते हे.

हा हिशोब समजायला तिथला बाजार माहीत हवा. हाँगकाँगची लढाऊ चित्रकथा वाढली ती रस्त्यावरच्या पेपरच्या स्टॉलवर. पातळ, रंगीत, साधारण ३२ पानांचा साप्ताहिक अंक. या धंद्याला आजचं रूप दिलं ते वाँग युक-लाँग यांनी. परदेशात ते टोनी वाँग म्हणून ओळखले जातात. १९७० साली त्यांनी गल्लीतल्या पोरांच्या मारामाऱ्यांची मालिका सुरू केली. हाडं मोडणं, रक्त, फाटलेली कातडी, सगळं उघड दाखवलेलं. पालक आणि शिक्षक चिडले, आणि १९७५ मध्ये हाँगकाँगमध्ये आक्षेपार्ह प्रकाशनांवर कायदा आला. वाँग यांनी मालिकेचं नाव बदलून ‘लुंग फू मुन’ केलं, रक्तपात आवरता घेतला आणि मालिका चालू ठेवण्यासाठी रोजचं वर्तमानपत्रच काढलं, कारण त्या कायद्याचा जाच वर्तमानपत्रांना नव्हता. हिंसा सरळ दाखवता येईना, तेव्हा लढाई वेगळ्या रीतीने दाखवणं भाग पडलं. हाडावर बसणाऱ्या घावाची जागा हळूहळू आंतरिक शक्तीच्या झोतांनी, डावांच्या नावांनी आणि उधळणाऱ्या रेघांनी घेतली. पुढच्या पिढीला हीच भाषा तयार मिळाली.

त्या पिढीतले मा. जन्म १९६१चा. पंधराच्या आतबाहेर असतानाच ते धंद्यात उतरले आणि पुढे वाँग यांच्या जेडमन कंपनीत आले. १९८०मध्ये एका दैनिकात त्यांची ‘चुंगवा यिंगहुंग’ म्हणजे ‘चिनी वीर’ ही मालिका सुरू झाली, आणि १९८२मध्ये तिचा स्वतंत्र साप्ताहिक अंक निघू लागला. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. नायक वा यिंग-हुंग हा कुंडलीतच एकटेपण घेऊन आलेला माणूस. आई-वडिलांच्या खुनाचा सूड घेतो, अमेरिकेला पळतो, आणि ज्याच्यावर जीव लावतो तो माणूस गमावत जातो. ऐन भरात या अंकाचा खप दोन लाखांपर्यंत गेल्याचं सांगतात. त्या काळी सारं हाँगकाँग पन्नास-बावन्न लाख वस्तीचं होतं, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं.

मा यांनी वेगळं काय केलं? तोवरचे चेहरे ठोकळेबाज असत: जाड भुवया, चौकोनी जबडा, ओरडणारं तोंड. मा यांच्यावर जपानी चित्रकार इकेगामी र्योइची यांच्या वास्तवदर्शी रेखाटनाचा ठसा होता. त्यांनी चेहऱ्याला हाडांची बांधणी दिली, डोळ्यांत थकवा आणला, आणि महत्त्वाची पानं शाईच्या रेघेवर न सोडता रंगवून काढली. वाचकाला प्रथमच हाणामारीच्या अंकात दुःखी माणूस दिसला. माझ्या मते खप वाढला तो यामुळे. तलवारबाजी तर सगळेच देत होते.

१९८९मध्ये त्यांनी जेडमन सोडली, स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि ‘फुंग वान’ सुरू केलं. फुंग म्हणजे वारा, वान म्हणजे ढग. निप फुंग आणि पो किंग-वान हे दोन शिष्य, आणि त्यांना हाताशी धरून सत्ता वाढवणारा गुरू हुंग पा. ज्या दोघांच्या बळावर तो वर चढतो तेच त्याला खाली खेचणार, असं भाकीत. १९९८मध्ये त्यावर चित्रपट आला, १९९९मध्ये ‘चिनी वीर’वरही आला. मालिका २०१५पर्यंत चालली. म्हणजे एका चित्रकाराने एक जग पंचवीस वर्षं पेललं.

आता हिशोब करू. ३२ पानं, ७ दिवस: रोजची साडेचार पानं. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर रोज बावीस-तेवीस चौकटी, त्याही रंगीत. हे एका हाताचं काम नाही. म्हणून तिथे कारखान्यासारखी पद्धत बसली. प्रमुख चित्रकार पानाची मांडणी करतो, मुख्य पात्रांचे चेहरे आणि निर्णायक पवित्रे काढतो. बाकीचं सहायकांकडे: एक जण इमारती आणि डोंगर, दुसरा कपडे, तिसरा वेगाच्या रेघा आणि स्फोट, मग रंगकाम करणारे. कथा लिहिणारा बहुतेक वेळा वेगळाच. नवा मुलगा आत आला की त्याच्या वाट्याला चौकटी आखणं, पेन्सिल खोडणं आणि काळे भाग भरणं येतं. तिथून वेगाच्या रेघा, मग पार्श्वभूमी, मग अंगं आणि कपडे, आणि चेहरा सर्वांत शेवटी. चेहरा हाती आला म्हणजे माणूस प्रमुख चित्रकार व्हायच्या उंबरठ्यावर आला.

या शिडीत फायदा मोठा आहे आणि तोटाही तितकाच. फायदा असा की हात वेगवान होतो आणि छपाईत काय टिकतं हे लवकर कळतं. तोटा असा की पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली अंगं काढली की स्वतःचा चेहरा सापडत नाही. हाँगकाँगच्या कितीतरी मालिकांत नायक, खलनायक आणि गुरू यांचा चेहरा एकच असतो, फक्त केस आणि दाढी बदलते. स्वतःची तपासणी सोपी आहे. तुमच्या पाच पात्रांचे केस आणि पागोटी झाकून फक्त भुवईपासून हनुवटीपर्यंतचा भाग मित्राला दाखवा. तीन तरी ओळखता आले नाहीत, तर अंगांचा सराव थांबवा आणि महिनाभर चेहरेच काढा: वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या जबड्यांचे, डोळ्यांखाली मांस असलेले आणि नसलेले.

मेहनतीची वाटणी कशी करायची ते आता. मालिकेचा एखादा अंक मिळवा आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक चौकटीला एक ते तीन गुण द्या: एक म्हणजे पार्श्वभूमी नाही, फक्त रंग किंवा रेघा, दोन म्हणजे साधी पार्श्वभूमी आणि एक आकृती, तीन म्हणजे सगळं भरगच्च. एवढं केलं की पानांकडे पाहायची दृष्टीच बदलते. भरगच्च चौकट बहुधा जागा बदलते तिथे, नवं पात्र येतं तिथे, किंवा डाव पूर्ण होतो तिथे येते. संवाद चालू असताना पार्श्वभूमी गायब असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण जागा आधीच एकदा नीट दाखवलेली असते. तुमच्या कामासाठी मी असं सांगेन: आठ पानांच्या प्रसंगात तीन गुणांच्या चौकटी चारच ठेवा. पहिली जागा प्रस्थापित करायला, दुसरी प्रतिस्पर्धी समोर आला तेव्हा, तिसरी निर्णायक घावाला, चौथी घावानंतरच्या परिणामाला. उरलेल्या पंचवीस-तीस चौकटींत दोन गुणांच्या दहा-बारा, बाकी एक गुणाच्या. नवशिके बरोबर उलटं करतात: पहिल्या दोन पानांत सगळा दम खर्च करतात आणि निर्णायक घाव येतो तेव्हा हातात वेळ नसतो.

घावाची मांडणी हा या चित्रकथेचा गाभा आहे. घाव तीन टप्प्यांत जातो: साठवण, सुटणं, परिणाम. साठवणीत माणूस स्थिर असतो. श्वास घेतलेला, वजन खाली, कपडे अंगाला लागलेले. सुटण्यात सगळं एका दिशेला ताणलं जातं. परिणामात हालचाल पुन्हा थांबते, पण आता धूळ, तुटलेला खांब आणि मागे फेकलेला देह बोलतात. प्रत्यक्ष स्पर्शाचा क्षण चांगले चित्रकार बहुतेक वेळा टाळतात. मुठीचा आणि गालाचा संपर्क दाखवला की चित्र गोठतं, कारण त्या क्षणी दोन्ही आकृत्या थांबलेल्या असतात. त्याच्या किंचित आधीचं किंवा लगेच नंतरचं चित्र निवडा. आणि साठवणीला जागा द्या. नवशिका तिला अंगठ्याएवढी चौकट देतो आणि घावाला पूर्ण पान. मग घाव कुठून आला हेच कळत नाही. साठवणीची चौकट पानाच्या रुंदीची, बुटकी आणि शांत ठेवली की पुढचं पूर्ण पान दणक्यात बसतं.

‘फुंग वान’मध्ये डावांची नावं आकार ठरवून देतात. निप फुंगची वायुदेवाची लाथ, पो किंग-वानचा ढग हटवणारा तळहात, आणि त्यांचा थोरला गुरुबंधू चुन सेउंग याची हिमाची मूठ. लाथेला वळत जाणाऱ्या, निमुळत्या होणाऱ्या रेघा शोभतात. तळहाताला फुगत जाणारी गोल वस्तुमानं. हिमाला कोन आणि तडे. पानाचा कोपरा फाडून दाखवला तरी कोण लढतोय ते कळावं, ही कसोटी. तुमच्या प्रत्येक पात्राला असा एक आकार ठरवून द्या आणि तो दुसऱ्याला कधीही वापरू देऊ नका.

वेगाच्या रेघांत दोन चुका कायम होतात. एक, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. रेघ कडेपासून दाबून सुरू करायची आणि आकृतीकडे जाता जाता हात उचलायचा, म्हणजे टोक बारीक होतं. दुसरी, सगळ्या रेघा पट्टीने एकाच बिंदूवर आणून टेकवणं. ते यांत्रिक दिसतं. बिंदूऐवजी नाण्याएवढा भाग मनात धरा, रेघांचे झुपके करा, मध्ये मोकळ्या जागा सोडा, आणि आकृतीभोवती बोटभर पांढरं राखा. ते पांढरं नसेल तर आकृती रेघांत बुडते.

अंगाची बांधणी खोटी असेल तर यातलं काहीही वाचवत नाही. चिनी युद्धकलेतले पायांचे ठराविक पवित्रे आहेत आणि जाणकार वाचक ते ओळखतो. माबू म्हणजे घोडेस्वाराची बैठक: पावलं समांतर, अंतर स्वतःच्या पावलाच्या साधारण तिप्पट, मांड्या जवळजवळ आडव्या. गोंगबू म्हणजे धनुष्याचा पवित्रा: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागचं पाऊल तिरकं, आणि दोन्ही टाचा जमिनीला. मागची टाच उचललेली काढली की ढकलण्याची ताकदच नाहीशी होते. चुकांमध्ये ही पहिल्या नंबरची. शूबूमध्ये सगळं वजन मागच्या पायावर, पुढचा पाय नुसता टेकलेला. सावध, मागे सरकायला तयार माणूस असा दाखवतात. तलवार एका हातात असेल तर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सरळ जोडलेलं, आणि अंगठ्याने उरलेली दोन बोटं दाबलेली. हा हात सैल सोडलेला दिसला की चित्र काढणाऱ्याने सरळ तलवारीचा सराव पाहिलेला नाही हे उघड होतं.

शस्त्रांची मापं अंगावरूनच घ्या. वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या खेळाच्या, स्पर्धांचे नियम इथे फार कामाला येतात. सरळ, दुधारी तलवार डाव्या हातात उलटी, दंडाला लावून उभी धरली तर टोक कानाच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवं. वाकड्या, एकधारी तलवारीचंही तेच. काठी लढणाऱ्याच्या उंचीपेक्षा आखूड नको. भाला हात सरळ वर केल्यावर बोटांच्या टोकापर्यंत तरी हवा. शस्त्र प्रत्येक चौकटीत लहान-मोठं होणं हा दोष वाचक बोलून दाखवत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. पात्राच्या पहिल्याच तक्त्यावर, शेजारी उभं करून, शस्त्राची उंची कायमची नोंदवून ठेवा.

अभ्यासासाठी इंग्रजी आवृत्त्या वापराल तर एक काळजी घ्या. हाँगकाँगचे अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. भाषांतरासाठी पान आरशासारखं उलटवलेलं असलं, तर उजव्या हाताने लढणारा माणूस डावखुरा होतो आणि मांडणीची दिशा बदलते. ओळखायची पक्की खूण झग्यावर आहे. चिनी परंपरेत झग्याची डावी पाळ, म्हणजे पुढची कड, उजव्या पाळीवर येते आणि माणसाच्या उजव्या बगलेकडे बंद होते. उलटी पाळ मृताच्या अंगावर असते. म्हणून जिवंत नायकाची पाळ उलटी दिसली, की एकतर पान उलटवलेलं आहे किंवा काढणाऱ्याने चूक केली आहे. ‘चिनी वीर’ १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘द ब्लड स्वोर्ड’ या नावाने इंग्रजीत निघत असे. जुन्या अंकांच्या बाजारात ते अजून सापडतात.

शाईबद्दल विचाराल तर मा यांच्यासोबत ली ची-चिंग यांचं काम शेजारी ठेवून पाहा. जन्म १९६३चा, म्हणजे दोघे एकाच पिढीतले, पण वाट वेगळी. ली यांनी चिनी ब्रशची शाई चित्रकथेत आणली: कोरड्या ब्रशचा फटकारा, विरळ शाईचे डोंगर, मोकळा कागद. सुन त्झूच्या युद्धनीतीवरच्या त्यांच्या चित्रकथेला २००७मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मांगा (चित्रकथा) पुरस्काराचा सर्वोच्च मान मिळाला. युद्धकलेच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या जिन योंग यांच्या कादंबऱ्यांवर त्यांनी चित्रकथाही केल्या आणि नुसती सजावटीची चित्रंही, आणि २०१८मध्ये त्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची हाँगकाँगची टपाल तिकिटं त्यांच्याच चित्रांवर निघाली. ज्याला आठवड्याचं चक्र झेपत नाही त्याच्यासाठी पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं, तिकिटं, खेळांची संकल्पचित्रं हा दुसरा रस्ता आहे, आणि तो कमी प्रतीचा अजिबात नाही. त्याला वेग कमी लागतो, पण एकाच चित्रात पूर्ण प्रसंग उभा करायची ताकद जास्त लागते.

ब्रशने काम करणार असाल तर कागद आधी ठरवा. शुआन हा चिनी ब्रशकामाचा कागद दोन प्रकारचा येतो. कच्चा कागद शाई पितो आणि पसरवतो. धुकं, धूर, डोंगर यांना तो उत्तम, पण चेहरा त्यावर फुटतो. तुरटी-सरसाची प्रक्रिया केलेला कागद शाई वर धरून ठेवतो; बारीक रेघ आणि रंगाचे थर त्यावर बसतात. रोजच्या चित्रकथेला मात्र दोन्ही नकोत. गुळगुळीत ब्रिस्टल (जाड चित्रकागद) आणि पाण्याला न विरघळणारी काळी शाई घ्या, ब्रशचे फटकारे वेगळ्या कागदावर काढून स्कॅन करा आणि पानावर बसवा. लाखेची शाई ब्रशमध्ये वाळली की केस कायमचे चिकटतात, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश धुवा आणि चांगला ब्रश त्या शाईत बुडवूच नका.

मूळ पान छपाईच्या दीडपट मापाने काढा. छपाईत ते दोन तृतीयांश होतं, म्हणजे ०.३ मिमीची रेघ ०.२ मिमी होते. छापील ०.१ मिमीखालची रेघ तुटते. मोकळ्या केसांची पानं इथेच मार खातात: मूळ कागदावर रेशमासारखे दिसणारे केस छापल्यावर राखाडी डाग होतात. केस आधी मोठ्या बटांत विभागा, बटेचा आतला भाग सरळ काळा भरा, आणि सुट्या रेघा फक्त कडेला, त्याही प्रत्येक बटेला दोन-तीनच.

रंगाची गोष्ट स्पष्ट सांगतो: रात्रीची लढाई रंगवताना बहुतेकांची पानं चिखल होतात. पडद्यावर निळ्या-जांभळ्या छटा सुरेख दिसतात, आणि छापून येते ती एकच काळपट लादी. कारण छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) एकावर एक फार चढतात. चकचकीत कागदावर चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज ३००च्या आत, साध्या कागदावर २५०च्या आसपास ठेवा, आणि छापखान्याला त्यांची मर्यादा आधी विचारा. गडद काळ्या पार्श्वभूमीसाठी निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १०० एवढं पुरतं. बेरीज २४० होते. काळी रेघ आणि अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत, वेगळ्या थरावर, रंगांवर छापली जातील अशी. नाहीतर प्लेट केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते. स्कॅन करताना रेघेसाठी किमान ६०० डीपीआय (इंचाला ठिपके); रंगासाठी छापील मापाला ३०० पुरे. अंधार दाखवायला सगळं गडद करायची गरज नसते. एकच उजेडाचा उगम ठरवा, मशाल किंवा चंद्र, आणि आकृतीची एक कड स्वच्छ उजळ ठेवा.

आता मर्दानी खेळ. इथे चिनी पवित्रे जसेच्या तसे आणलेत तर कोल्हापुरातलं पोरही हसेल, कारण शस्त्राची यंत्रणाच निराळी आहे. दांडपट्ट्यात मूठ लोखंडी खोबणीत बंद असते, मनगट जवळजवळ अडकलेलं. चिनी सरळ तलवारीचा सगळा खेळ मनगटाचा. पट्टा चालतो कोपरातून, खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या गिरकीतून. पातं लवचीक असल्याने हवेत जी आकृती उमटते ती मोठी, गोल, एकात एक गुंतलेल्या वर्तुळांची. मा यांच्या डावांसारखा आकार शोधायचाच असेल तर तो इथे तयार आहे: पट्ट्याला वर्तुळं, लाठीला आडवे पंखे, दोरीच्या विट्याला (दोरी बांधलेल्या भाल्याला) लांब जाऊन परत येणारी एकच रेघ, फरी-गदक्याला छोटे, जवळचे, तुटक फटके.

कपड्यांचंही तसंच. चिनी झग्याच्या लांब बाह्यांवर वेग दाखवता येतो. बाराबंदी अंगासरशी असते, तिच्यावर वारा खेळत नाही. मग वेग कुठे दाखवायचा? फेट्याचा शेमला, कमरेचा शेला आणि धोतराचा सोगा, या तीन जागा आहेत. गिरकीत शेमला अंगाच्या मागे अर्ध्या वर्तुळाने रेंगाळतो; तो अंगाच्या दिशेनेच उडताना काढला तर गिरकी उलटी वाटते.

संदर्भ आखाड्यात जाऊन घ्या, आणि परवानगी विचारून घ्या. वस्ताद बहुतेक आनंदाने दाखवतात. मोबाईल सेकंदाला १२० किंवा २४० चित्रांवर ठेवा, कॅमेरा कमरेच्या उंचीला, आणि एकच हात, म्हणजे डाव, समोरून, बाजूने आणि पाऊण कोनातून असा तीनदा टिपा. डोळ्यांच्या उंचीवरून टिपलं की पाय आखूड दिसतात आणि पवित्र्याचं वजन नाहीसं होतं. घरी आल्यावर प्रत्येक हाताची पाचच चित्रं निवडा: साठवण, सुटण्याची सुरुवात, सर्वांत ताणलेला क्षण, परत येणं, थांबणं. त्यांचं जसंच्या तसं ट्रेसिंग करू नका. पाठीच्या कण्याची एक रेघ, खांद्यांची एक, कमरेची एक, एवढंच उचला आणि आकृती त्यावरून नव्याने उभी करा. फोटोत माणूस कायम थोडा ताठ दिसतो. कण्याची रेघ दहा टक्के जास्त वाकवलीत तर चित्रात ती खरी वाटते.

कारकिर्दीच्या प्रश्नात हक्कांचा भाग टाळून चालणार नाही. मा यांनी १९८९मध्ये कंपनी सोडली तेव्हा ‘चिनी वीर’ मागेच राहिला आणि इतरांच्या हातून चालू राहिला. खुद्द वाँग यांच्या हातूनही पुढे कंपनी गेली, आणि ज्या ‘लुंग फू मुन’वर त्यांनी नाव कमावलं ती मालिका २०००मध्ये नव्याने काढताना त्यांना हक्कांसाठी दुसऱ्यांशी करार करावा लागला. मा यांनी ‘फुंग वान’ स्वतःच्या संस्थेतून काढलं यामागचं शहाणपण इथे दिसतं. चित्रपट आले तेव्हा बोलणी करायला ते स्वतः मालक होते.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा लागू होतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या हक्काचा पहिला धनी नोकरी देणाराच असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बाहेरून काम करत असाल तर हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीचंच हवं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशक छापील मसुदा पुढे करतो त्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द असतात; ते खोडून मुदत आणि माध्यम लिहायला सांगा. पात्रांचा हक्क, मूळ पानांची मालकी आणि चित्रपट-मालिकेचा हक्क या तीन वेगळ्या ओळी असाव्यात. पानामागे मोबदला कमी मिळाला तरी चालेल, पण पात्र सोडू नका.

संपादकाला दाखवायला पंचवीस सुटी पोस्टर नेऊ नका. एकाच लढाईची सलग आठ पानं न्या, काळ्या-पांढऱ्यात, संवादांसकट. त्यातली शेवटची दोन पानं रंगवलेली चालतील. सोबत पात्रांचा तक्ता, शस्त्रांची मापं लिहिलेला. आणि त्या आठ पानांना किती दिवस लागले ते प्रामाणिकपणे सांगा. संपादक तो प्रश्न विचारणारच, कारण त्याला पुढच्या अंकाची तारीख ठरवायची असते.